झाडावरच्या सापासाठी काचेची टाकी की पीव्हीसी पेटी?

अ‍ॅमेझॉन ट्री बोआसारखा रात्रभर फांद्यांवर हिंडणारा साप सोलापुरात ठेवायचा, तर ऊब देणं सोपं, ओलावा टिकवणं अवघड. त्याला दिवसा २७ ते ३० अंश आणि ६० ते ८० टक्के आर्द्रता हवी. इथला मे महिना चाळिशीपार आणि कोरडा ठणठणीत.

काचेची टाकी तयार मिळते, साप छान दिसतो. पण फवारलेलं पाणी वरच्या जाळीतून भराभर उडतं. दोन तृतीयांश जाळी अ‍ॅक्रिलिकने झाकली तर थोडं जमतं. वरून हात गेला की साप बिथरतो, आणि हा डसायला मागेपुढे पाहत नाही.

१८ मिमी पीव्हीसी बोर्डाची ४×२×४ फुटी पेटी सुतार करून देतो. महाग पडते, तरी आमची पसंती हीच. सांध्यांत सिलिकॉन भरा. आंबूस वास पुरता जाईपर्यंत साप सोडू नका. फांद्या सापाच्या जाडीच्या, आडव्या, बाहेरून स्क्रूने आवळलेल्या. सरकत्या काचांमधली फट बुजवा, साप तीच शोधतो. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर जाळी हवीच. कोंदट ओलाव्यात बुरशी आणि श्वसनाचे आजार होतात. ऊब देणारा बल्ब आत असेल तर त्याला पिंजरा आणि थर्मोस्टॅट (तापमान आपोआप राखणारं यंत्र) लावा.

फवाऱ्याला आरओचं पाणी. बोअरच्या क्षारांनी नोझल तुंबतं. मे महिन्यात मात्र दोन्ही पेट्या हतबल: बल्ब बंद, खोलीत कूलर.

हा बोआ केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. त्याऐवजी आपल्याकडचा झाडावरचा हिरवा साप, हरणटोळ, रानातून आणणं बेकायदा.