स्क्रीन कॅलिब्रेट केली, प्रिंट तरी वेगळीच: पुढचा खर्च कशावर करावा?

कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून दुरुस्त करणारं यंत्र) आणून स्क्रीन नीट लावून घेतली, तरी घरच्या प्रिंटरमधून निघालेला फोटो स्क्रीनपेक्षा काळपट दिसतो, ही फोटो छापणाऱ्यांची नेहमीची तक्रार. इथून पुढे तीन वाटा आहेत. प्रिंटर कंपनीचाच कागद आणि तिची तयार प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर त्या शाईचे रंग कसे उतरतात याची नोंद असलेली फाइल. बाजारातला स्वस्त कागद आणि त्याच्यासाठी मुद्दाम करून घेतलेली प्रोफाइल. नाहीतर सरळ लॅब. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी पहिली वाट धरावी, पण त्याआधी टेबलावरचा दिवा बदलावा.

कारण काळपटपणाचं मूळ बऱ्याचदा रंगात नसतंच. साधे मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसला २५० ते ३५० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) उजेड फेकतात. प्रिंटशी जुळवायला ८० ते १२० पुरतात. कॅलिब्रेशनचं सॉफ्टवेअर हा आकडा विचारतं, पण घाईत आहे तोच ठेवला जातो. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि ज्या कागदावर छापणार तो कोराच शेजारी दिव्याखाली धरा. कागद मळकट वाटला तर एकतर स्क्रीनचा उजेड खाली आणा किंवा दिवा वाढवा, आणि पुन्हा कॅलिब्रेट करा. यात पैसा काहीच लागत नाही.

दिव्याचं गणित थोडं वेगळं. छपाईच्या धंद्यात प्रिंट ५००० केल्विनच्या उजेडात तपासतात (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर), स्क्रीन मात्र आपण ६५०० वर लावतो. आपल्याकडच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबाही बहुतेक ६५०० च्याच, त्यामुळे पांढरा रंग बऱ्यापैकी जुळतो. घोटाळा लाल रंगात होतो. साध्या एलईडीचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ८० च्या आसपास असतो आणि गडद लाल त्यात कमी पडतो. मग कपाळावरचं कुंकू विटकं आणि चेहरे आजारी दिसतात. खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेला दिवा घ्या. फोटो दिवाणखान्यात पिवळ्या बल्बखाली लागणार असेल तर शेवटची पारख तिथेच करा, टेबलावरची जुळणी तिथे कामाची नाही.

आता कागद. कंपनीचा कागद महाग पडतो, पण त्याची प्रोफाइल त्याच शाईवर, त्याच कागदावर मोजून बनवलेली असते. कॅनन प्रो-३०० किंवा एप्सन पी७०० सारख्या प्रिंटरांना अशा प्रोफाइल भरपूर मिळतात. बाटलीतून शाई भरायचा इंक टँक प्रिंटर घेताना मात्र तुमच्या कागदाची प्रोफाइल मिळते का, ते आधी बघा. बाटलीतली शाई 'कम्पॅटिबल', म्हणजे दुसऱ्या कंपनीची, भरली की कंपनीची प्रोफाइल बाद. शाई दुसरी, म्हणजे रंगाचा हिशोबही दुसरा.

स्वस्त १८० जीएसएम ग्लॉसीवर करून घेतलेली प्रोफाइल खरंच चांगलं काम देते, नाही असं नाही. रंगांच्या चौकटींचा तक्ता रंगव्यवस्थापन बंद ठेवून छापायचा, रात्रभर वाळू द्यायचा (कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून जास्त), आणि मोजायला द्यायचा. स्क्रीन मोजणारं साधं यंत्र इथे चालत नाही, कागदावरचे रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. तो विकत घेण्यापेक्षा काम करून घेणं परवडतं. अडचण पुढेच येते: पुढच्या पाकिटातला कागद तोच असेल याची खात्री नसते. महिन्याला शंभरेक प्रिंट काढणाऱ्याने एकाच गठ्ठ्यातला कागद भरून ठेवावा आणि ही वाट जरूर धरावी. सणावारी चार फोटो छापणाऱ्याने या फंदात पडू नये.

दोन्ही वाटांवर एक खड्डा सारखाच आहे. फोटोशॉपमध्ये रंगाचा ताबा फोटोशॉपकडे दिला, तर ड्रायव्हरमधली (प्रिंटरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधली) रंगदुरुस्ती बंद करावी लागते. एप्सनमध्ये 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट', कॅननमध्ये मॅचिंग 'नन'. दोघांनीही दुरुस्ती केली की प्रिंटवर गुलाबीसर झाक चढते आणि दोष बिचाऱ्या कॅलिब्रेटरला जातो.

आणि काही गोष्टी कुठल्याच वाटेने जुळणार नाहीत. स्क्रीनचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांचं प्रमाण, सहज १०००:१ असतो. चांगल्या ग्लॉसीचा २००:१ च्या आसपास, मॅटचा त्याहून बराच कमी. गणपतीच्या मंडपातल्या निळ्या एलईडीचा झगझगीत निळा कागदावर जांभळट किंवा मंद उतरतो, कारण तो रंग शाईत नाहीच. उलट झेंडूचा केशरी चांगला येतो. हे छापण्याआधीच कळावं म्हणून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय: लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये एस ही कळ, फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय, प्रोफाइल तुमच्या कागदाची. 'सिम्युलेट पेपर' लावलं की फोटो एकदम फिका पडतो आणि लोक घाबरून ते काढतात. काढू नका. क्षणभर नजर दुसरीकडे वळवून पुन्हा बघा, प्रिंट साधारण तशीच येणार असते.

लॅबची बाजू मी घरच्या छपाईचा शौकीन असूनही घेईन, ती लग्नाच्या अल्बमसाठी आणि १२×१८ च्या पुढच्या मापांसाठी. नोझल बंद पडण्याची कटकट नाही, दर प्रिंटमागे खर्चही बहुधा कमी. तुमच्या हातातून सुटतो तो ताबा: बऱ्याच लॅबमध्ये ऑपरेटर किंवा मशीन आपणहून रंग-उजेड सुधारतं, आणि तुमची कॅलिब्रेटेड स्क्रीन तिथे काही कामाची राहत नाही. फाइल एसआरजीबीत (बहुतेक स्क्रीन आणि लॅब वापरतात त्या सर्वसाधारण रंगपद्धतीत) द्या, 'करेक्शन करू नका' असं ऑर्डरवर लिहा, लॅबची प्रोफाइल मिळते का ते विचारून बघा. पहिल्याच फटक्यात अख्खा अल्बम देऊ नका. एका १२×१८ वर चार वेगळे फोटो बसवा: एक चेहऱ्याचा, एक कृष्णधवल, एक रात्रीचा, एक भरजरी साडीचा. कृष्णधवलात हिरवी किंवा गुलाबी झाक दिसली तर लॅब बदला.