कळण्याची भाकर, फुनके आणि तीन खणांचा स्टीलचा डबा

जून लागला की जळगाव, धुळे, भुसावळच्या भांड्यांच्या दुकानांत पुढच्या फळीवर एकच माल येतो: चपटा, चौकोनी, तीन खणांचा स्टीलचा डबा, चार बाजूंना क्लिपा आणि झाकणाच्या कडेनं सिलिकॉनची रिंग. शिक्के वेगवेगळे असले तरी साचा जवळपास सारखाच असतो, म्हणून इथं कुठल्या एका कंपनीचं नाव न घेता त्या साच्याचंच परीक्षण केलं आहे. कसोटी अशी की दाळी-कडधान्याचं आपलं खानदेशी जेवण यात नीट जातं का, आणि मुलाला ते सुट्टीत उघडून खाता येतं का. निकाल आधीच सांगायचा तर कोरड्या पदार्थांना हा डबा फार चांगला आहे आणि रश्श्याला अजिबात उपयोगाचा नाही. शेजारीच ठेवलेला ‘गरम राहणारा’ डबा तर आपल्या हवेत घेऊच नये. त्याचं कारण पुढे येईल.

आधी माप. डब्यावर ८५० मिली लिहिलेलं असतं, ते काठोकाठ पाण्याचं. झाकणाची आतली बाजू खाली उतरते, भिंती जागा खातात, त्यामुळे प्रत्यक्षात साडेसहाशेच्या आसपासच भरतं. दुसरी ते चौथीच्या मुलाला ते पुरतं. पाचवीपासून पुढे एक लिटरचाच घ्या, नाहीतर भाकर दाबून भरावी लागते आणि दाबलेल्या भाकरीचा लगदा होतो. मोठा खण आतून किमान ११ बाय १५ सेंटिमीटर हवा. १४ सेंटिमीटरची भाकर चार तुकडे करून त्यात एकावर एक बसते. दुकानात टेप मागायला लाजू नका.

डब्यात प्रथिनं किती हवीत? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम, ७ ते ९ ला २३, आणि १० ते १२ ला ३२-३३ ग्रॅम लागतात. डब्यानं यातला तिसरा हिस्सा उचलला तरी पुष्कळ, म्हणजे साधारण ५, ८ आणि ११ ग्रॅम. सरकारी शाळेतल्या पोषण आहाराचं माप याहून वरचं आहे: पहिली ते पाचवीला १२ ग्रॅम, सहावी ते आठवीला २०. खासगी शाळेत जाणाऱ्या कित्येक मुलांच्या डब्यात जाम लावलेली पोळी आणि चिप्स असतात, म्हणजे शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतलं पोर त्यांच्यापेक्षा चांगलं जेवतं. हे कुणी फारसं बोलत नाही.

मोठ्या खणात कळण्याच्या भाकरीसारखं दुसरं काही बसत नाही. एक किलो ज्वारीला पाव किलो आख्खे काळे उडीद आणि चवीपुरतं खडेमीठ एकत्र दळून आणायचं. काही घरांत उडीद अर्ध्या किलोपर्यंत जातात, पण मग भाकर चिवट होते आणि लहान मुलं चावून कंटाळतात. पाव किलोच्या प्रमाणात १०० ग्रॅम पिठात साधारण १२ ग्रॅम प्रथिनं येतात, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सातच्या वर. नुसत्या ज्वारीच्या भाकरीत सहाच्या आसपास. आकड्यातला फरक छोटा दिसतो, पण ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी असतं आणि उडदात ते भरपूर असतं, त्यामुळे दोन्ही मिळून शरीराला अधिक कामी येतात. डब्याच्या दृष्टीनं आणखी एक फायदा: उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकर गार झाल्यावर ज्वारीच्या भाकरीसारखी तडकत नाही. तरी जाड थापू नका. तव्यावरून काढली की दहा मिनिटं जाळीवर उघडी ठेवा. गरमच भरली तर तिची वाफ झाकणाला लागून थेंब होतात, ते परत भाकरीवरच पडतात आणि मधला भाग बुळबुळीत होतो.

गरम भरण्यात आणखी एक खोट आहे आणि ती थेट या डब्याचीच. रिंग घट्ट असते, आतली हवा गार होताना आकसते आणि झाकण आत खेचलं जातं. चारी क्लिपा सुटतात, झाकण हलत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या हाताला तेवढा जोर नसतो आणि सुट्टी संपते. डबा तसाच घरी आला की मुलाला जेवण आवडलं नाही असं वाटतं. झाकणावर मधोमध रबराचं छोटं बूच असलेला नमुना मिळतो. बूच उचललं की फुस्स करून हवा आत जाते आणि झाकण सुटतं. चाळीस-पन्नास रुपये जास्त पडले तरी लहान मुलांसाठी हाच घ्या. बुचाखालचं भोक मात्र रोज धुवावं लागतं, तिथं तेल साचतं.

मधल्या खणात फुनके. या डब्याचं खरं चीज इथं होतं, म्हणून कृती नीट सांगतो. १०० ग्रॅम तुरीची दाळ, हवी तर त्यातली चौथाई हरभऱ्याची, चार तास भिजवायची. एप्रिलमध्ये तीन तास बस्स. रात्रभर ठेवली तर सकाळी आंबूस वास मारते. चाळणीत अर्धा तास निथळू द्या. मग लसूण, हिरवी मिरची, जिरं, मीठ घालून पाण्याचा थेंबही न टाकता जाडसर वाटा. बोटांत दाळीची कणी लागली पाहिजे. कोथिंबीर किंवा चिरलेली मेथी घालून मुठीचे आठ मुटके वळा आणि उकळत्या पाण्यावर १५ ते १८ मिनिटं वाफवा. सुरी घालून कोरडी निघाली की झालं. एका फुनक्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. चार फुनक्यांत मोठ्या मुलाचा डबा एकट्यानं भागतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. वाटताना पाणी घातलं की मुटके वाफेत पसरतात. अगदी बारीक वाटलं की घट्ट गोळा होतो आणि गार झाल्यावर दगड. दाळ निथळली नाही तर वरून शिजलेलं आणि आतून कच्चं राहतं, आणि कच्च्या दाळीनं मुलाचं पोट फुगतं. घरी फुनके कढीत बुडवून खातात. डब्यात कढी घालण्याचा मोह नकोच. वाफवलेले फुनके अर्धे कापून चमचाभर तेलात मोहरी-तिळाच्या फोडणीवर परता. वरचा ओलावा उडतो, कडा खरपूस होतात, आणि मूल हातानं उचलून खातं.

कढी नको म्हणण्यामागं डब्याची रचना आहे. सिलिकॉनची रिंग फक्त बाहेरच्या कडेला असते. खणांमधल्या भिंतीवर झाकण नुसतं टेकतं, कित्येक डब्यांत तेही नाही. दप्तर आडवं पडलं की मधल्या खणातला रस्सा भाकरीच्या खणात जातो. बाहेर थेंब येत नाही म्हणून दुकानदार ‘लीकप्रूफ’ म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. घेताना एका खणात दोन चमचे पाणी घाला, बंद करून दहा वेळा आडवा हलवा आणि उघडून बाजूचा खण बघा. दही, चटणी, वरण द्यायचंच असेल तर फिरवून बंद होणाऱ्या झाकणाची १०० मिलीची स्टीलची डबी वेगळी घ्या आणि ती खणात ठेवा.

तिसऱ्या, छोट्या खणात दाण्याची चटणी किंवा फुटाणे. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत ६ ग्रॅम प्रथिनं असतात. स्वस्तात याच्या तोडीचं काही नाही. वर्गात कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, ते शाळेत विचारून ठेवा. मटकीची उसळ या डब्यात जाते, पण अंगाबरोबर सुकवलेली हवी. ३० ग्रॅम कोरड्या मटकीतून ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. मोड आल्यावर ती दुप्पट होतात असा एक समज आहे. मटकी पाणी पिऊन फुगते, प्रथिनं तेवढीच राहतात. पचायला मात्र हलकी होते, म्हणून मोड आणाच. सोयाबीनच्या वड्या कागदावर सगळ्यांना हरवतात (१५ ग्रॅम कोरड्या वड्यांत जवळपास ८ ग्रॅम), पण गार झाल्या की रबर. त्यांचा चुरा घ्या, पाच मिनिटं उकळून दोनदा पिळा आणि कळण्याच्या पिठाच्या थालीपिठात मिसळा.

शेव घातली की बेसन आलं, म्हणजे प्रथिनं आली, हा आपल्याकडचा लाडका हिशोब. मूठभर शेवेत ती चार-एक ग्रॅम असतात खरी, पण तेल त्याच्या दुपटीहून जास्त. आठवड्यातून एकदा ठीक. रावेर-यावलचं केळंही द्या, भूक भागते; पण त्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम, आणि ते या डब्यात कोंबू नका. फुनक्यांच्या लसणाचा वास लगेच धरतं.

आता तो गरम राहणारा डबा. अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात. डबा पाच मिनिटं उकळत्या पाण्यानं तापवून, त्यात वाफाळतं अन्न गच्च भरलं, तर काही तास ते साठच्या वर राहू शकतं. घरोघरी काय होतं? गार डब्यात कोमट भाजी पडते, डबा ती ४०-४५ अंशांवर जपून ठेवतो आणि दुपारी दोनपर्यंत ती आंबते. एवढ्या पैशांत आपण अन्न नासवायचं यंत्र विकत घेतो. साध्या स्टीलच्या डब्यात अन्न निदान लवकर गार होतं.

पनीर आणि अंड्याबद्दल याच कारणानं कडक राहा. शिजवलेलं नाशवंत अन्न बाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम आहे. भुसावळला मार्च संपता संपता पारा चाळिशी गाठतो. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम, एका अंड्यात ६ ग्रॅम ही मोजदाद बरोबर, पण हे पदार्थ नोव्हेंबर ते जानेवारीतच आणि सुट्टी लवकर होत असेल तरच. अंडं नऊ-दहा मिनिटं उकळून लगेच गार पाण्यात टाका. जास्त उकळलं की बलकाभोवती हिरवट कडा येते, आणि बंद डबा उघडताना जो वास येतो त्यानं मूल पुन्हा अंडं मागत नाही. उन्हाळ्यात सकाळच्या शाळेला परतलेले फुनके चालतात, तेही पहाटे केलेले. रात्रीचे नकोत आणि कांदा घातलेले नकोत. शाळा अकरा ते पाच असेल तर त्या दिवसांत कळण्याची भाकर, दाण्याची कोरडी चटणी, फुटाणे, तीळ-शेंगदाण्याचा लाडू एवढ्यावर थांबा.

स्टीलचं काय? दुकानदार चुंबक लावून दाखवतात: चिकटलं नाही, म्हणजे चांगलं. ही कसोटी फसवी आहे. ३०४ जातीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, पण स्वस्त २०२ लाही चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा साच्यात खोल ओढला की कोपऱ्यांवर किंचित चुंबक धरू शकतो. डब्यावर जात कोरलेली आहे का आणि भांड्यांच्या आय.एस. १४७५६ या मानकाचा शिक्का आहे का, ते बघा. २०२ मध्ये निकेल कमी असतं, त्यामुळे कैरीचं लोणचं आणि मीठ यांनी आधी भिंतींच्या जोडावर तपकिरी ठिपके येतात. लोणचं सरळ डबीत द्या, रोज खणात नको.

रिंग रोज काढून धुवायची. खाचेत दाळीचा कण राहिला की दोन दिवसांत काळी बुरशी धरते. काळ्या मसाल्याचा वास बसला तर रिंग पाच मिनिटं पाण्यात उकळा आणि दिवसभर उन्हात टाका. उन्हाची आपल्याला कमी नाही. तरीही वर्ष-दीड वर्षात ती ताणली जाते. क्लिपा मोडतात त्या बिजागरीच्या खिळीपाशी, तिथं प्लॅस्टिकऐवजी स्टीलची तार असलेला डबा जास्त टिकतो. पैसे देण्याआधी सुटी रिंग आणि क्लिप मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर पुढच्या दुकानात जा, कारण पत्रा दहा वर्षं टिकेल आणि डबा मात्र वीस रुपयांच्या रिंगेपायी भंगारात जाईल.