जुनी पोलो जीटी टीएसआय घ्यावी की साधी पोलो सजवावी?

सहा लाखांच्या आसपास रक्कम हाताशी असलेल्या आणि गाडी चालवण्याची मनापासून आवड असलेल्या माणसापुढे सध्या दोन वाटा असतात. कंपनीने मुळातच जोरकस म्हणून बांधलेली, पण आता बरीच वर्षे वापरलेली हॅचबॅक घ्यायची, ही पहिली वाट. दुसरी वाट म्हणजे तिचेच खालचे, स्वस्त मॉडेल घ्यायचे आणि वाचलेल्या पैशांत मॅगव्हील (मिश्रधातूची चाके), रुंद टायर, स्पॉयलर, सायलेन्सर, रॅप (रंगीत फिल्मचे आवरण) असे एकेक करत ते वरच्या मॉडेलच्या जवळ न्यायचे. या दोन वाटांची तुलना करायला फोक्सवॅगन पोलोइतकी सोयीची गाडी दुसरी नाही, कारण तिचे जोरकस मॉडेल जीटी टीएसआय आणि साधे मॉडेल १.२ एमपीआय यांचा सांगाडा, दरवाजे, डॅशबोर्ड आणि बसण्याची जागा एकच आहे आणि फरक आहे तो मुख्यतः बॉनेटखाली आणि गिअरबॉक्समध्ये. शिवाय ही गाडी २०१० ते २०२२ अशी बारा वर्षे आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार झाली, त्यामुळे पुणे-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तिची निवड करायला भरपूर वाव आहे आणि तिच्या खोडी ओळखणारे मेकॅनिकही सापडतात. दोन्ही प्रकारच्या पोलो शहरात, महामार्गावर आणि घाटात चालवून झाल्यावर माझे मत जीटी टीएसआयच्या बाजूने ठाम झाले आहे; मात्र त्याला एक मोठी अट आहे आणि ती गिअरबॉक्सशी संबंधित आहे.

आधी मूळ फरक. २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे. त्याची ताकद १०५ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटनमीटर. त्याच काळातल्या साध्या पोलोत १.२ लिटरचेच, पण तीन सिलिंडरचे आणि टर्बो नसलेले इंजिन येत असे; त्याची ताकद ७५ पीएस आणि टॉर्क ११० न्यूटनमीटर. कागदावर हा तीस पीएसचा फरक वाटतो, पण रस्त्यावर जाणवतो तो टॉर्कचा, आणि त्याहीपेक्षा तो कोणत्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो याचा. टर्बो इंजिनात पूर्ण टॉर्क १,५०० आरपीएमपासूनच हाती येतो, तर साध्या इंजिनात तो ३,७५० आरपीएमच्या आसपास मिळतो. म्हणजे साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढणीवर पुढे भरलेला ट्रक रांगत असेल, तर साध्या पोलोत आधी दुसरा गिअर टाकायचा, मग इंजिन किंचाळेपर्यंत पाय दाबून धरायचा आणि तरीही ओव्हरटेक पूर्ण होईल की नाही याचा अंदाज घेत राहायचे. तिथेच जीटी टीएसआय पाय थोडा दाबताच खालचा गिअर घेते आणि मोकळी जागा असेल तेवढ्यात सहज पुढे निघते. ही ओढ सजावटीने आणता येत नाही, आणि खरे तर तिच्याच मोहाने माणूस या वर्गाच्या गाडीकडे वळलेला असतो.

आता सजवलेल्या गाडीकडे येऊ. मी जवळून पाहिलेल्या अशा एका साध्या पोलोत १६ इंची मॅगव्हील, जीटीसारखी ग्रिल आणि बॅज, मागे स्पॉयलर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर होता. उभी असताना गाडी खरोखर देखणी दिसत होती. पण साध्या मॉडेलचा मूळ टायर १७५/७० आर१४ मापाचा असतो, आणि त्याजागी तिला १९५/५५ आर१६ बसवले होते. आकडेमोड केली तर मूळ चाकाचा एकूण व्यास सुमारे ६०१ मिलिमीटर येतो आणि नव्या चाकाचा सुमारे ६२१. चाक साडेतीन टक्क्यांच्या आसपास मोठे झाले, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांबला आणि आधीच अशक्त असलेल्या इंजिनावर आणखी ओझे आले. त्यात मोठी मॅगव्हील मूळ लोखंडी रिमपेक्षा जड असली, तर सिग्नलवरून निघताना गाडी मूळ अवस्थेपेक्षा सुस्त वाटते, आणि ती तशी वाटतही होती. टायरची कड उथळ झाल्यामुळे खड्ड्यात रिमला मार बसण्याची शक्यता वाढते, ती वेगळीच. वेग दाखवणारा काटा चाकाच्या फेऱ्यांवरून चालत असल्याने काट्यावरच्या त्याच आकड्याला प्रत्यक्ष वेगही पूर्वीपेक्षा त्याच प्रमाणात जास्त होतो. अशा रीतीने वेगवान दिसण्यासाठी केलेल्या खर्चातून गाडी हळू झाली, हे मला या सगळ्या प्रकारातले सर्वांत खेदाचे वाटते. चाके बदलायचीच असतील, तर १८५/६० आर१५ हे माप योग्य आहे; त्याचा व्यास मूळ चाकाच्या जवळजवळ बरोबरीचा आहे आणि सुरुवातीच्या जीटीलाही कंपनीने तेच दिले होते.

रस्त्यावरची पकड चांगल्या टायरने वाढते, हे मान्यच करायला हवे. पण सुरक्षिततेची मुख्य साधने नंतर बसवून मिळत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांतल्या खालच्या मॉडेलना ना एअरबॅग होत्या ना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा). जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची अपघातातली सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने पोलोची चाचणी जाहीर केली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या गाडीला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या गाडीला चार. त्यानंतर कंपनीने सर्व मॉडेलना दोन एअरबॅग देणे सुरू केले. म्हणून स्वस्तात मिळणारी २०१२-१३ सालची साधी पोलो घेऊन तिच्यावर दीड-दोन लाखांची सजावट करणाऱ्याने हे समजून घ्यावे की, तो अधिक वेगाने जाण्याचा मोह निर्माण करणारी गाडी तयार करत आहे, पण थांबण्याची आणि वाचवण्याची तिची क्षमता मात्र तशीच राहणार आहे. जीटी टीएसआयला एअरबॅग आणि एबीएससोबत ईएसपीही आहे. पावसाळ्यात ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर गाडीचे मागचे टोक सुटू लागले की ती यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक लावून गाडी सावरते. मागे ड्रम ब्रेकच आहेत, ही जीटीतली उणीव नोंदवायलाच हवी.

इंजिनाचे ट्यूनिंग करून ताकद वाढवू, असे सजावटीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवून ताकदीत लक्षणीय भर घालता येते, हे खरे आहे. पण टर्बो नसलेल्या इंजिनात हवाच मर्यादित येते, त्यामुळे तिथे रिमॅपने (इंजिनाच्या संगणकातली मापे बदलून) पिकअप थोडासा चपळ होतो, एवढेच. ७५ पीएसचे १०५ होत नाहीत. इंजिन किंवा मूळ रचना बदलण्याच्या वाटेला तर जाऊच नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधने आहेत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती बंधने अधोरेखित केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. रंग बदलला तरी आरसीवर त्याची नोंद लागते. विमा कंपनीला न कळवता केलेले बदल अपघाताच्या दाव्याच्या वेळी अडचणीचे ठरतात, आणि गाडी विकताना सजावटीचे पैसे वसूल होत नाहीत. उलट कापलेले वायरिंग पाहून जाणकार गिऱ्हाईक भाव पाडते.

इतके सगळे जीटीच्या बाजूने असूनही अनेक समजूतदार माणसे तिच्यापासून दूर राहतात, त्याचे कारण तिचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या गाडीत डीक्यू२०० हा सात गिअरचा, दोन कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम गिअर आणि रिव्हर्स. पुढचा गिअर आधीच तयार असल्याने बदल क्षणात होतो आणि ओढ तुटत नाही. मोकळ्या रस्त्यावर त्याचे काम पाहणे हा निखळ आनंद आहे. पण कोरडे क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे त्यांची उष्णता लवकर निघत नाही, आणि हिंजवडी किंवा नवले पुलाजवळच्या संथ गर्दीत इंचाइंचाने सरकताना ते सतत अर्धे लागलेल्या अवस्थेत घासत राहतात. त्यातून क्लच पॅक झिजतो, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरते, आणि गिअर हलवणारे मेकॅट्रॉनिक नावाचे एकत्रित हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक युनिट बिघडले, तर गाडी जागेवर उभी राहते. हे युनिट नवे टाकायचे झाल्यास खर्च लाखाच्या घरात जातो. काही स्वतंत्र गॅरेजमध्ये ते उघडून कमी खर्चात दुरुस्त करून मिळते, परंतु त्या कामाची हमी कारागिराच्या हातावर अवलंबून असते.

म्हणून जुनी जीटी पाहायला जाताना गाडी रात्रभर बंद असेल अशी वेळ ठरवावी आणि इंजिन आपल्यासमोर थंड अवस्थेत सुरू करायला सांगावे. नंतर किमान अर्धा तास, शक्यतो गर्दीत, चालवावी, कारण गिअरबॉक्सचे खरे रूप तो तापल्यावरच दिसते. पार्किंगच्या उतारावर रिव्हर्समध्ये गाडी अतिशय हळू वर चढवून पाहावी. ती धक्के देत, थरथरत चढत असेल तर सम गिअरचा क्लच थकलेला असण्याची दाट शक्यता आहे. मीटरमधली गिअरची अक्षरे लुकलुकत असतील तर पुढे बोलणीच करू नयेत. या गाड्या ओळखणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन स्कॅनर लावून घ्यावा आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमधले साठलेले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडांच्या नोंदी, वाचून घ्यावेत. विक्रेता याला तयार नसेल, तर ते नकाराचे पुरेसे कारण आहे. क्लच किंवा मेकॅट्रॉनिक आधीच बदललेले असेल आणि त्याचे बिल दाखवले जात असेल, तर ती गाडी थोडी महाग असली तरी मी तिलाच पसंती देईन. कमी किलोमीटरच्या मोहात पडू नये. शहरातल्या गर्दीत झालेल्या चाळीस हजारांपेक्षा पुणे-कोल्हापूर अशा मार्गावर झालेले ऐंशी हजार किलोमीटर या गिअरबॉक्सला पुष्कळ हलके जातात. बाकी सस्पेन्शनचे बूट आणि बुश, दरवाजाची कुलपे आणि काचा वर-खाली करणारी यंत्रणा तपासावी. ही कामे खर्चाची असली तरी आटोक्यातली आहेत.

कागदपत्रांत आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे पाहावे आणि नोंदणीची मुदतही लक्षात घ्यावी. २०१४ ची गाडी २०२९ मध्ये पंधरा वर्षांची होईल आणि तिचे फेरपासिंग करावे लागेल. दिल्लीहून आणलेल्या स्वस्त गाड्यांची एनओसी, महाराष्ट्रातला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सर्व जोडल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही.

ज्यांना गिअरबॉक्सची धास्ती सोडवत नाही, त्यांच्यासाठी पोलोतच एक उत्तम पर्याय आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. २०२० पासून पोलोत १.० लिटरचे तीन सिलिंडरचे टीएसआय इंजिन आले. त्याची ताकद ११० पीएस, टॉर्क तोच १७५ न्यूटनमीटर, आणि त्याला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतो. हे इंजिन असलेल्या हायलाइन प्लस या मॉडेलच्या मागे जीटीचा बिल्ला नसतो, पण घाटात ती जीटीच्या बरोबरीने चालते आणि झिजला तरी नेहमीचा क्लच बदलून मोकळे होता येते. किंमत अर्थातच वर जाते आणि सहा लाखांचे बजेट ताणावे लागते. ताकदीचाच विचार केला, तर रांजणगावला तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो, १४५ पीएस आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक असलेली, या साऱ्यांत अव्वल आहे. पण फियाटने भारतातली विक्री थांबवली आहे आणि सुट्या भागांसाठी शोधाशोध करण्याची तयारी असलेल्यानेच तिच्याकडे वळावे. मारुतीची बलेनो आरएस १०२ पीएसची आणि वजनाने हलकी आहे, मागे डिस्क ब्रेक आहेत आणि गावोगावी सर्व्हिस सेंटर आहे. फक्त तिचे स्टिअरिंग मला पोलोइतके बोलके वाटले नाही.

सजावटीचा हट्टच असेल, तर तो जुन्या साध्या गाडीवर न करता नव्या गाडीवर करणे मला जास्त पटते. २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टच्या सर्वांत खालच्या एलएक्सआय मॉडेललाही सहा एअरबॅग आणि ईएसपी आहे. तिला चांगले स्पीकर, उत्तम सीट कव्हर आणि मूळ मापाचेच, पण दर्जेदार टायर लावले की रोजच्या वापराला ती समाधान देईल आणि वॉरंटीची निश्चिंतीही राहील. ज्याच्या घरी एकच गाडी आहे, रोज सकाळी मुलांना शाळेत सोडून वेळेवर कार्यालयात पोहोचायचे आहे आणि अचानक येणारा मोठा खर्च झेपणारा नाही, त्याला मी हाच सल्ला देईन.

उरलेल्यांनी जीटी टीएसआय जरूर घ्यावी, पण हातातली सगळी रक्कम खरेदीत घालू नये. साडेचार लाखांपर्यंत गाडी ठरवावी, दीड लाख गिअरबॉक्सच्या नावाने बँकेत बाजूला ठेवावेत आणि पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल आणि चारही टायर यांचे काम एकदम करून घ्यावे.