सर्व्हरवरून एसएमएस: तीन मोडेमपैकी क्वेक्टेल ईसी२५-ई का घ्यावा

डिस्क भरली, वीज गेली, रात्रीचा बॅकअप अडकला, हे कळवणारा मेसेज इंटरनेट बंद असतानाही गेला पाहिजे. त्यासाठी सर्व्हरलाच सिमकार्डवाला मोडेम जोडायचा. सहज मिळणारे पर्याय तीन, पण या कामाला त्यातला एकच नीट पुरा पडतो.

सिमकॉमचे एसआयएम८००एल मॉड्यूल सर्वांत स्वस्त, पण ते फक्त टूजीवर चालते, आणि जिओकडे टूजी नाही, त्यामुळे जिओचे सिम बाद. खरी अडचण विजेची. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात, म्हणजे नेहमीचे ५ व्होल्टही चालत नाहीत आणि ३.३ही नाहीत. शिवाय नेटवर्कशी बोलताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढते. पुरवठा कमी पडला की व्होल्टेज कोसळते आणि मेसेज पाठवायच्या क्षणीच मॉड्यूल रीसेट होते. पिनांजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की बरेच सुधारते. शिकायला उत्तम, अलर्टसाठी नको.

हुआवेचा ई३३७२ डोंगल दिसायला सोयीचा, पण त्याचे हायलिंक फर्मवेअर (डोंगलमधले अंगभूत सॉफ्टवेअर) डोंगलला नेटवर्क कार्ड म्हणून दाखवते. एटी कमांड, म्हणजे मोडेमला द्यायच्या लेखी सूचना, घेणारे सिरियल पोर्ट मिळत नाहीत, आणि गॅमू किंवा एसएमएसटूल्स या मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रॅमना तेच हवे असतात. वेब इंटरफेसमधून मेसेज पाठवता येतात, पण त्यासाठी कोड वेगळा लिहावा लागतो.

उरला क्वेक्टेलचा ईसी२५-ई. हे मिनी पीसीआयई (संगणकाच्या आतल्या छोट्या खाचेत बसणारे) कार्ड आहे, सिमची खाच असलेल्या यूएसबी अडॅप्टरसकट घ्यावे. लेबलवरचे शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘ई’मध्ये आपल्याकडचे ३, ५ आणि ४० हे फोरजी बँड आहेत. ‘ए’ अमेरिकेसाठी आहे, तो इथे निरुपयोगी. लिनक्सवर चार पोर्ट दिसतात, कमांडसाठी सहसा तिसरा, म्हणजे टीटीवाययूएसबी२ (मोजणी ० पासून). रीबूटनंतर हा आकडा बदलू शकतो, म्हणून कॉन्फिगमध्ये ‘बाय-पाथ’मधला, म्हणजे यूएसबीच्या जागेवरून ठरणारा पत्ता द्यावा. मॉडेलच्या नावावरून ठरणारा ‘बाय-आयडी’ टाळावा, कारण एकाच मॉडेलचे दोन मोडेम असले की तिथे नावांची गल्लत होते.

गॅमू सुरू करण्याआधी लिनक्समधला मोडेममॅनेजर हा प्रोग्रॅम बंद करा. तो त्याच पोर्टवर कमांड पाठवत राहतो आणि मग उत्तरे अर्धवट येतात. ‘मेसेज कधी जातो, कधी नाही’ या तक्रारीत सर्वांत आधी हेच तपासावे. सिमचा पिन (लॉकचा गुप्त क्रमांक) मागणेही बंद करा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर मोडेम पिनची वाट बघत बसेल.

लोखंडी रॅकमध्ये अँटेना ठेवू नका, केबलने बाहेर काढा. एटी+सीएसक्यू ही सिग्नल मोजणारी कमांड दिल्यावर ० ते ३१ मधला आकडा येतो. तो १० च्या खाली असेल तर जागा बदला. ९९ म्हणजे सिग्नलचे मोजमापच मिळत नाही. अडॅप्टरला स्वतंत्र वीज असलेला हब द्यावा. मोडेम टूजीवर उतरला की इथेही करंटची गरज एकदम वाढते.

सिम शक्यतो टूजीही असलेल्या कंपनीचे घ्या. जिओवर एसएमएस आयएमएसमार्फत, म्हणजे फोरजीच्या डेटा नेटवर्कवरच्या मेसेज-कॉल यंत्रणेतून जातो. फर्मवेअरमध्ये त्याचे प्रोफाइल चालू नसेल तर डेटा चालतो, मेसेज मात्र एरर देऊन परत येतो.

मराठीत मेसेज लिहायचा तर एका भागात इंग्रजीसारखी १६० नव्हे, ७० अक्षरे बसतात, आणि काना-मात्रा-वेलांट्याही त्यात मोजल्या जातात. मजकूर लांबला की प्रत्येक भागात ६७ उरतात. अनेक प्लॅनमध्ये दिवसाला १०० मेसेजची मर्यादा असते. एखादी सेवा सतत चालू-बंद होऊ लागली तर तो कोटा तासाभरात संपू शकतो, म्हणून मॉनिटरिंगमध्येच अलर्ट एकत्र करा. आलेले मेसेज आणि पोचपावत्या नियमित पुसल्या नाहीत तर सिमची मेमरी भरते आणि नवे मेसेज येणे थांबते.

ग्राहकांना ओटीपी किंवा ऑफर पाठवायला मात्र हे हार्डवेअर घेऊच नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक मेसेजसाठी संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचे नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) यांची डीएलटी या कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदणी लागते. साध्या नंबरावरून असे मेसेज गेले तर तक्रारीनंतर नंबर बंद होऊ शकतो, आणि त्याबरोबर तुमचे अलर्टही.