लेन्समधल्या फ्लेक्स केबलसाठी पॉलिइमाइड शीट: दोन थरांचीच घ्या

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर तांबं चढवलेली जी पिवळसर लवचिक शीट मिळते, तिच्यात दोन प्रकार आहेत आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. एकात फिल्म, गोंद आणि तांबं असे तीन थर. दुसऱ्यात मध्ये गोंद नाही, तांबं थेट फिल्मवर. दुसरी शीट दुपटीहून महाग पडते. ज्यांना त्यावर सोल्डरिंग करायचं आहे आणि नंतर ती केबल वाकवत राहायची आहे, त्यांनी ती महागच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच बाजूला तांबं असलेली, २५ मायक्रॉन फिल्म आणि १८ मायक्रॉन रोल्ड, म्हणजे लाटलेलं, तांबं. माझ्या कामात हीच शीट टिकली.

काम म्हणजे लेन्सदुरुस्ती. फोर्टात, बोरा बाजाराच्या गल्लीत, एका पोटमाळ्यावर मी बसते. झूम लेन्समध्ये ॲपर्चरच्या पात्यांना चालवणारी एक नाजूक केबल असते, आणि झूमची रिंग फिरवली की ती दरवेळी वाकते. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या हातात ती दिवसभर वाकते-सुटते. शेवटी तांब्याला केसाएवढी चीर जाते. लक्षण ठरलेलं: ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की फोटो छान येतो, लहान करून एफ/८ वर नेलं की कॅमेरा एरर दाखवून अडून बसतो. कधी झूमच्या एका टोकाला चालतं, दुसऱ्या टोकाला नाही. नव्या लेन्सची केबल मागवता येते. पण जुन्या, कंपनीने सुटे भाग बंद केलेल्या लेन्सचं काय? तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. त्याआधी दादर-परळचे फोटोग्राफर हातात लेन्स घेऊन येतात, आणि त्यातल्या कित्येकांना दुसरी घेणं परवडणारं नसतं. म्हणून मी या शीटवरचं नको तिथलं तांबं काढून केबल स्वतः बनवते, आणि म्हणूनच ही शीट माझ्यासाठी महत्त्वाची आहे.

उष्णतेचं आधी सांगते. शिसंवालं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं साधारण २१७ अंशांना, आणि सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक त्याहून बरंच वर, तीनशेच्या पुढे ठेवावं लागतं. स्वस्त लवचिक शीट पीईटीची, म्हणजे पॉलिएस्टरची असते. कीबोर्डच्या आतल्या पारदर्शक पडद्यांना ती उत्तम, कारण तिथे कुणी सोल्डर करत नाही. पण ती ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि २५० ते २६० अंशांना वितळते. इस्त्री टेकवली की भोक. पॉलिइमाइडला वितळबिंदूच नाही. ड्यूपॉन्टने १९६० च्या दशकात कॅप्टॉन या नावाने ही फिल्म आणली. अपोलोचं जे यान चंद्रावर उतरलं त्याच्या बाहेरच्या आवरणातही ती होती. कंपनीच्या माहितीपत्रकात तिची मर्यादा उणे २६९ ते ४०० अंश अशी दिलेली असते. जपानमध्ये उबेची युपिलेक्स आणि कानेकाची एपिकल या त्याच कुळातल्या फिल्म. कॅमेऱ्याच्या धंद्यात ही गोष्ट जुनीच आहे: १९७६ च्या कॅनन एई-१ चं वरचं झाकण उघडलंत तर प्रिझमवर घडी घालून बसवलेलं लवचिक सर्किट दिसतं. इतक्या वर्षांनीही त्यातली कितीतरी चालू आहेत. ते पाहिलं की या फिल्मबद्दल मनापासून आदर वाटतो.

मग पॉलिइमाइड आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला का? नाही, कारण उष्णता सोसणारी असते ती फिल्म. तीन थरांच्या शीटमधला गोंद ती सोसत नाही.

हा गोंद बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतो, कधी इपॉक्सी. ॲक्रिलिक खोलीच्या तापमानाच्या थोडं वर गेलं की मऊ पडू लागतं, आणि तापल्यावर भरपूर फुगतं. तांबं दर अंशाला दशलक्षात १७ भाग फुगतं, कॅप्टॉनची नेहमीची फिल्म २० भाग. या दोघांचं छान जमतं. ॲक्रिलिक मात्र त्यांच्या कित्येक पट फुगतं. लेन्सच्या केबलवरचे पॅड, म्हणजे तार जोडायचे तांब्याचे ठिपके, एक-दीड मिलिमीटरचे. त्यावर मोटरची तार जोडताना इस्त्री जरा रेंगाळली की खालचा गोंद ढिला होतो आणि पॅड तांब्यासकट सरकतो. पहिल्यांदा जोडताना निभावतं. पण दुरुस्तीत जोड सोडवावा लागतो, पुन्हा करावा लागतो, आणि तिथेच पॅड उचलला जातो. दोन थरांच्या शीटवर मी तोच जोड वारंवार सोडवून पुन्हा केला आहे, पॅड जागचा हलला नाही.

तीन थरांच्या शीटवर अन्याय नको. थंड असताना तिची पकड उत्तम असते, आणि जिथे एकदाच सोल्डर करून विषय संपतो तिथे ती पुरते. शिकणाऱ्या मुलांनी तिच्यावरच हात बसवावा. इपॉक्सी गोंदाची शीट उष्णतेला बरी, पण कडक. सतत वाकणाऱ्या जागी मी ती वापरत नाही.

दुकानात ओळखायची कशी? मी मायक्रोमीटर घेऊन जाते. २५ ची फिल्म आणि १८ चं तांबं म्हणजे ४३ च्या आसपास. साठीच्या घरात आकडा आला की मध्ये गोंद आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. एका दुकानात मला ऐकवण्यात आलं, ‘ताई, पिवळं ते सगळं एकच.’ तिथे तर पिवळ्या रंगाचं पॉलिएस्टरसुद्धा त्याच गठ्ठ्यात होतं. शंका आली तर कोपऱ्याचं तांबं काढून फिल्मची बारीक पट्टी ज्योतीवर धरा: पॉलिएस्टर आक्रसून थेंब-थेंब गळतं, पॉलिइमाइड गळत नाही, जागच्या जागी काळं होतं.

आता मुंबईचा भाग, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. पॉलिइमाइड पाणी पितं. कॅप्टॉनची नेहमीची फिल्म ५० टक्के आर्द्रतेत वजनाच्या १.८ टक्के पाणी धरते, ९८ टक्क्यांत २.८ टक्के. जुलैत आमच्या पोटमाळ्यावर भिंतींना हात लावला तरी ओल लागते, तिथे ही शीट कोरडी कशी राहील? त्या पाण्याची सोल्डर करताना क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि कव्हरलेखाली, म्हणजे तांब्यावर चढवलेल्या संरक्षक फिल्मखाली, फोड येतात. पावसाळ्यात शीट खराब आली अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. माझ्या मते त्यातल्या बऱ्याच वेळा शीट चांगली असणार, ती भाजून घ्यायची राहिली असणार. छोट्या ओव्हनमध्ये दोन ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये सपाट ठेवून ११० ते १२० अंशांना दोनेक तास, आणि बाहेर काढल्यावर लगेच सोल्डरिंग. चहाला जायचं असेल तर आधी जाऊन यावं. उरलेली शीट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

दुसरी बाब तांब्याची. लवचिक शीटचं तांबं दोन तऱ्हेचं असतं: विजेच्या साह्याने साचवलेलं आणि लाटून नरम केलेलं. साचवलेल्या तांब्याचे कण उभे रचलेले असतात, वाकताना त्यांच्या सांध्यांतून चीर सरळ खाली उतरते. लाटलेल्याचे कण आडवे, लांबट असतात, चीर सहज आरपार जात नाही. सतत वाकणाऱ्या केबलला लाटलेलंच, म्हणजे रोल्ड अनील्ड तांबं हवं. बिनगोंदाची म्हटल्याने ते आपोआप मिळतं असं नाही. फिल्मवरच तांबं चढवून शीट बनवली असेल तर ते साचवलेलं असतं. तांब्याच्या पातळ पत्र्यावर पॉलिइमाइड ओतून, भाजून बनवली असेल, किंवा उष्णतेने दाबून चिकटवली असेल, तर त्यात रोल्ड तांबं असू शकतं. हे विचारून घ्यायचं. आणि लाटण्याची दिशाही विचारायची, कारण तारा, म्हणजे केबलवरच्या तांब्याच्या रेषा, त्या दिशेने लांबीत धावल्या तर केबल जास्त टिकते. कापलेल्या तुकड्यावर दिशा कळत नाही, म्हणून दुकानदाराने कापण्याआधी मागच्या बाजूला बाण काढून द्यायला हवा. तो नसेल तर उभ्या आणि आडव्या पट्ट्या कापून तुटेपर्यंत वाकवून पाहायच्या. फरक लपत नाही.

वरून कव्हरले लावायचं ते खालच्या फिल्मच्या जाडीला शक्य तितकं जवळचं. वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि तांबं बरोबर मध्ये असलं तर त्याला दोन्हींचा त्रास कमी होतो. वाकणाऱ्या भागात तारांना सोल्डर लावायचं नाही, तो भाग कडक होतो आणि त्याच्या कडेला तांबं तुटतं.

एचिंगला, म्हणजे नको असलेलं तांबं रसायनाने काढायला, शीट त्रास देत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटवरून फेरिक क्लोराइड आणते, शीट ॲक्रिलिकच्या तुकड्यावर चारही कडांनी चिकटवते म्हणजे ती ट्रेमध्ये तरंगत नाही. ०.२ मिलिमीटरच्या तारा स्वच्छ येतात. जपायचं ते नंतर: ड्राय फिल्म, म्हणजे एचिंगमध्ये तारांचं तांबं झाकणारा थर, काढायला आपण कॉस्टिक सोडा वापरतो, आणि हीच पॉलिइमाइड फिल्म, जी ४०० अंशांना दाद देत नाही, ती तीव्र अल्कलीत हळूहळू विरघळते. पातळ द्रावण, थोडा वेळ, लगेच भरपूर पाणी. आणि कापताना आतले कोपरे गोल ठेवा. फिल्म ओढून फाटणार नाही, पण कडेला एकदा बारीकशी खाच पडली की तिथून सर्रकन जाते.

झिफ कनेक्टरमध्ये, म्हणजे केबल जोर न लावता सरकवून दाबपट्टीने पकडणाऱ्या खाचेत, जाणारं टोक ०.३ मिलिमीटर जाड लागतं. त्यासाठी मागे पॉलिइमाइडचीच जाड पट्टी लावावी लागते, ती शीटसोबत मिळत नाही. विक्रेत्यांनी ती सोबत ठेवली तर फार उपयोग होईल.

मी ज्यांच्याकडून घेते ते दुकान ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. तिथले काका हातभर तुकडाही कापून देतात, अख्खा रोल गळ्यात मारत नाहीत. गेल्या खेपेला म्हणाले, ‘ताई, तुम्ही बाण मागता म्हणून आता रोल आला की मीच मार्करने काढून ठेवतो.’ तुकडा ते गुंडाळून देतात, तेवढं टाळा. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून मागा, घडी पडलेलं तांबं पुन्हा सरळ होत नाही. रविवारी तो रस्ता बहुतेक बंद असतो. आणि पावसाळ्यात जात असाल तर प्लॅस्टिकची पिशवी घरूनच न्या.