‘ई बाय एम’साठी फाइन बीम ट्यूब: घ्यावी, पण नीट मांडावी

बीएस्सीच्या प्रयोगशाळेसाठी ‘ई बाय एम’चा, म्हणजे इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढायचा संच घ्यायचा तर समोर दोन पर्याय येतात. पट्टीचुंबक आणि डिफ्लेक्शन मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारी सुई) असलेला सीआरटीचा (कॅथोड रे ट्यूबचा) संच स्वस्त पडतो, पण त्यात पडद्यावरचा ठिपका सरकलेला दिसतो, बस्स. हेल्महोल्ट्झ कॉइल म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल; त्यांच्यामधल्या फाइन बीम ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोतच वर्तुळात वळताना दिसतो, कारण आतला विरळ वायू त्याच्या वाटेवर उजळतो. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राचं बल वेगाला सतत काटकोनात असतं, त्यामुळे गती तीच राहते आणि फक्त दिशा बदलते. फळ्यावर कितीही आकृत्या काढल्या तरी हे इतकं पटत नाही. परवडत असेल तर हाच संच घ्यावा.

नेहमीच्या संचात कॉइलची त्रिज्या १५ सेंमी, प्रत्येकीला १३० वेढे. १ अँपिअरला मध्यभागी ०.७८ मिलिटेस्ला क्षेत्र मिळतं. इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या अॅनोडला २०० व्होल्ट आणि कॉइलला १.३ अँपिअर दिले की वर्तुळाची त्रिज्या ४.७ सेंमीच्या आसपास यायला हवी.

उत्तर चुकतं ते बहुधा त्रिज्येमुळे. ई बाय एमच्या सूत्रात तिचा वर्ग आहे, म्हणून २ मिमीची चूक उत्तरात ८ टक्क्यांहून मोठी होते. ट्यूबमागे आरशाची मोजपट्टी हवीच. झोत आणि त्याचं प्रतिबिंब एका रेषेत आणून बाहेरची कड वाचावी. आतल्या बाजूला वायूच्या रेणूंवर आदळून मंदावलेले इलेक्ट्रॉन असतात.

दुसरी चूक मांडणीची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे ०.०४ मिलिटेस्लाच्या आसपास आहे. कॉइलचा अक्ष उत्तर-दक्षिण ठेवला तर उत्तरात तेवढ्यानेच साधारण ८ टक्के फरक पडतो. अक्ष पूर्व-पश्चिम ठेवा, लोखंडी कपाटापासून लांब.

कॅथोड तापवणाऱ्या फिलॅमेंटला ६.३ व्होल्ट देऊन एक-दोन मिनिटं तापू द्या, मगच अॅनोडचा विद्युतदाब हळूहळू वाढवा. थंड कॅथोडवर एकदम विद्युतदाब दिला की ट्यूबचं आयुष्य घटतं. इथे ३०० व्होल्टपर्यंत डीसी खेळतो, तेव्हा झाकलेल्या टोकांच्याच वायरी वापरा.

घेताना ट्यूब होल्डरमध्ये फिरते का ते पाहा. थोडी फिरवली की वेगाचा एक घटक क्षेत्राच्या दिशेत येतो आणि वर्तुळाचं मळसूत्र होतं. न फिरणाऱ्या संचात हा सुंदर भाग हुकतो. सुटी ट्यूब मिळते का, हेही ऑर्डरआधी लेखी विचारा. फिलॅमेंट गेलं की बाकी संच नुसता पडून राहतो.