पिकलिंग शेडचे कॉलम दुरुस्त करून घेतले, त्याबद्दल

तारापूर एमआयडीसीत आमचं गॅल्व्हनायझिंगचं (लोखंडावर जस्ताचा थर चढवायचं) युनिट आहे, पिकलिंगला, म्हणजे त्याआधी लोखंडावरचा गंज काढायला, हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं, त्यामुळे टँकशेजारच्या कॉलमना वर्षानुवर्षं ॲसिडची वाफ खावी लागते आणि वरून समुद्राची हवा. आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने फुटलेल्या जागी नुसतं प्लास्टर मारून दिलं होतं, दीड वर्षात त्याच्या बाजूलाच नवीन चिरा, तांबूस डाग. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, काँक्रीट आतूनच फुटणार, वरून काय लावताय!

या वेळी ज्यांना बोलावलं त्यांनी आधी भाव सांगितलाच नाही, दोन दिवस नुसती तपासणी. हातोडीने कॉलम वाजवून बद्द आवाज येतो तिथे खडूने खुणा, सळईवर किती जाड काँक्रीट आहे ते बघायला कव्हर मीटर, सळईला वायर जोडून तिचं व्होल्टेज मोजणारी हाफ सेल टेस्ट. उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली रीडिंग गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात, आमच्या खालच्या दीड मीटरात सगळीकडे तसंच, वरून धडधाकट दिसणाऱ्या कॉलमलासुद्धा!! काँक्रीटची भुकटी लॅबला पाठवली तर क्लोराइड (सळई गंजवणारे क्षार) काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या, आयएस ४५६ च्या, घनमीटरला ०.६ किलोच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे. तेव्हा मला कळलं की आधीचा पॅच का टिकला नाही, पॅचच्या कडेला जुनं क्लोराइडवालं काँक्रीट राहिलं की तिथली सळई उलट जोरात गंजते.

काम मनापासून आवडलं. आधी टेकू लावले, मग सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडलं, सँड ब्लास्टिंग केलं, झिजलेल्या सळयांना जोड दिले, कडेला सळईऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे ॲनोड बांधले आणि कॉलमभोवती मायक्रोकाँक्रीटचं (बारीक खडीच्या काँक्रीटचं) जॅकेट, वरून ॲसिडला टिकणारं कोटिंग. सुपरवायझर स्वतः प्रत्येक सळईच्या मागे बोट घालून बघायचा, असा माणूस मी साइटवर क्वचित पाहिलाय.

एक स्टार कापला कारण ॲनोडचा खर्च पहिल्या कोटेशनमध्ये नव्हता, मॅनेजमेंटला दोनदा मंजुरी मागावी लागली, आणि धुळीसाठी पडदे आम्हीच लावले. पैसे कमी असतील तर कोटिंग नंतर करा पण हाफ सेल आणि क्लोराइड टेस्ट सोडू नका बाबांनो, शेडखाली आपली माणसं काम करतात. दोन पावसाळे झाले, मी दर महिन्याला हातोडी घेऊन जातो, अजून खणखणीत वाजतायत.